ओढ्यापलीकडचा धूर

“इथं पाहण्यासारखं काय आहे हो?” हा प्रश्न मला जन्मात जितक्यांदा विचारला गेला, तितक्यांदा ‘जेवलास का’ असंही कुणी विचारलं नसेल. विचारणारा नुकताच जीपमधून उतरलेला असायचा, कंबर धरून उभा. समोर अख्खा शिवनेरी आडवा पसरलेला, आणि हा मलाच विचारतोय. मी म्हणायचो, “साहेब, आधी चहा घ्या, मग सांगतो.” चहा संपेपर्यंत पाहुणा कोणत्या प्रकारचा आहे ते माझ्या लक्षात येत असे.

प्रकार तीनच. देवाचे, किल्ल्याचे आणि हवेचे. देवाच्या पाहुण्यांना लेण्याद्री, ओझर दाखवलं, प्रसादाचे पेढे गाडीत ठेवले की ते तृप्त. किल्ल्याच्या पाहुण्यांना काही दाखवावंच लागत नसे, उलट तेच मला इतिहास सांगत. हवेचे पाहुणे सगळ्यांत अवघड, कारण हवा काही दाखवता येत नाही. ते नुसते ‘जरा बाहेर पडावं’ म्हणून आलेले असत, आणि बाहेर पडल्यावर आता काय करायचं हे त्यांना कळत नसे. माझी सगळी उमेद मी या तिसऱ्या प्रकारावर खर्च केली आणि माझी आवडती माणसंही मला त्यांच्यातच भेटली.

मी अवसरी बुद्रुकचा. घरी शेती, ती थोरल्या भावाने सांभाळली. मला मातीपेक्षा स्टेअरिंग बरं वाटायचं. नव्वदच्या सुमाराला एक जुनी जीप घेऊन मी जुन्नरच्या स्टँडबाहेर उभा राहायला लागलो, तेव्हा आमचे वडील म्हणाले होते, “डोंगर काय कुठं पळून चाललेत? ते दाखवायला माणूस कशाला लागतो?” त्यांना मी शेवटपर्यंत नीट उत्तर देऊ शकलो नाही. आज देऊ शकेन, पण ऐकायला ते नाहीत.

हा धंदा म्हणजे नुसती गाडी चालवणं नव्हे. कुठल्या महिन्यात कुठे न्यायचं नाही हे त्यात आधी शिकावं लागतं. श्रावणात भीमाशंकरला गेलं तर नाकासमोरचं दिसत नाही आणि वैशाखात दुपारी लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर पाय भाजतात. लेण्याद्रीला पिशवी हातात धरायची नाही, माकडं ती आपलीच समजतात. आणि जेवणाची वेळ चुकवायची नाही. उपाशी माणसाला ताजमहाल दाखवला तरी तो ‘ठीक आहे’ म्हणतो.

एक गृहस्थ आठवतात. कुटुंबाला घेऊन लेण्याद्रीला आले, पायऱ्या बघितल्या आणि खालीच उसाच्या रसाच्या गुऱ्हाळावर बसले. बायको-मुलं वर जाऊन आली. त्यांनी सगळ्यांकडून खोदून खोदून विचारून घेतलं, खांब कसे आहेत, गणपती कसा आहे, वारा कसा येतो. ओझरला जाईपर्यंत गाडीत तेच वर्णन करायला लागले, आणि असं करायला लागले की बायको म्हणाली, “अहो, तुम्ही वर आला नव्हता!” ते म्हणाले, “म्हणूनच मला नीट दिसलं. तुमचं सगळं लक्ष पायऱ्यांकडे.” मी त्यांना हसलो खरा, पण ते वाक्य काही मला सोडून गेलं नाही.

आणखी एकदा चार बहिणी आल्या होत्या, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. ऐन श्रावणात भीमाशंकरच. मी नको नको म्हटलं, पण धाकटीचा नवस होता. दर्शन झालं. मग त्यांना कोकणकडा बघायचा होता. कड्यावर गेलो तर पांढऱ्याफटक धुक्याशिवाय काही नाही. आता एवढ्या लांबून आलेल्या बायकांना माघारी कसं न्यायचं? मी त्यांना कठड्याशी उभं केलं आणि सांगायला लागलो. हे इथे खाली रान आहे, तिकडे एक सोंड उतरते, तिच्या पायथ्याला कौलारू घरं, मग भाताची खाचरं, आणि आकाश मोकळं असलं तर पार लांबवर नदी चमकते. चौघी धुक्याकडे टक लावून बघत होत्या. थोरली म्हणाली, “हे सगळं खरंच आहे ना हो तिथं?” मी म्हटलं, “ताई, गेल्या महिन्यात तर होतं.” परत येताना तळेघरला चहा घेतला, तेव्हा त्या चौघी एकमेकींना ती नदी सांगत होत्या.

हे सगळं लिहायचं कारण असं, की या लोकांच्या आधी आणि नंतरही, पाहणं म्हणजे काय हे मला खरं कळलं ते घाटघरच्या एका घरात. त्या घराची ओढ मला अजून आहे. गुडघे गेले, जीप गेली, आता मी अवसरीत ओट्यावर बसतो. संध्याकाळी तोंड आपोआप पश्चिमेला होतं. शिमगा सरून ऊन तापायला लागलं, की नाणेघाटाच्या कड्यावर जाऊन एकदा खाली बघावं असं इतकं वाटतं की जेवण गोड लागत नाही.

घाटघर म्हणजे नाणेघाटाच्या तोंडाशी असलेलं गाव. जुन्नरहून तिकडे त्या काळी रस्ता होता, म्हणजे रस्ता म्हणायची पद्धत होती. पाहुण्यांची हाडं खिळखिळी झाली की ते भुकेलेले असतात, आणि तिथे हॉटेल नावाची वस्तू नव्हती. म्हणून मी चिमामावशीचं घर धरलं. चिमामावशी आणि तिचे मालक गेनूबाबा, दोघंच राहायची. थोडी भातखाचरं, थोडी नाचणी, चार गुरं. आदल्या दिवशी घाटघरच्या एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप द्यायचा, ‘उद्या पाहुणे आहेत.’ मग दुसऱ्या दिवशी खिंडीत माझ्या जीपची धूळ दिसली की मावशी चुलीवर तवा टाकायची. आम्ही हातपाय धुऊन बसेपर्यंत पहिली भाकरी ताटात.

काय जेवण ते! नाचणीची काळपट भाकरी, उडदाची डाळ घोटून केलेलं घुटं, खलबत्त्यात ठेचलेली मिरची, पावसाळ्यात खेकड्याचं कालवण, उन्हाळ्यात करवंदाची चटणी आणि वाफाळता भात. आमच्या अवसरी-मंचरकडे पाहुण्याला मासवडी करून घातल्याशिवाय यजमानाला झोप येत नाही, आणि आमच्या घरची मासवडी चांगली असते हे मी सांगतोच. पण मावशीच्या घुट्यापुढे मी गप्प बसायचो. एकदा पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, “चपाती नाही का?” मावशी म्हणाली, “गहू हितं व्हत न्हाई, पावणं. नाचणी व्हती, ती दिली.” बाईंनी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

जेवणं झाली की मी पाहुण्यांना कड्यावर न्यायचो. आधी घाटातली लेणी, तिथली जुनी अक्षरं, मग दगडी रांजण, आणि शेवटी कड्याची धार. पायाखाली जमीन एकदम संपते आणि खाली सगळं कोकण. पावसाळ्यात तिथे धबधब्याचं पाणी वाऱ्याने खाली न जाता वर उडतं. लोक भिजून वेडे होतात.

माझ्या लक्षात एक गोष्ट आली. पावसाळ्यात, गर्दीच्या दिवसांत मावशी कधी कड्यावर यायची नाही. पण चैत्र-वैशाखात, जेव्हा बघायला काही नसतं, कोकण धुरकटलेलं असतं, गवत वाळून गेलेलं असतं, तेव्हा ती भांडी तशीच टाकून आमच्या मागून यायची. पाहुण्यांपासून लांब एका दगडावर बसायची आणि खाली बघत राहायची. एकदा मीच विचारलं, “मावशी, काय बघता?”

“राब बघते,” ती म्हणाली.

राब म्हणजे काय हे इथल्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. भाताची रोपं ज्या वाफ्यात टाकायची, तो वाफा उन्हाळ्यात भाजून काढतात. झाडांचा पाला, गवत, शेण यांचा थर द्यायचा, वर माती पसरायची आणि वारा पडलेला बघून पेटवायचा. तणाचं बी जळतं, रोप जोमाने येतं. त्या दिवसांत कड्यावरून बघितलं तर खाली कोकणात जागोजाग धूर उठलेले दिसतात.

“त्यातला आमच्या हौसाचा कंचा, ते बघते,” मावशी म्हणाली.

हौसा तिची एकुलती एक लेक. तिचं लग्न वरच्याच एका गावात ठरलं होतं. पण कोकणातला एक मुलगा बैल घेऊन बाजाराला घाट चढून यायचा, आणि सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी हौसा त्याच्याबरोबर घाट उतरून गेली. पळून गेली म्हणणार नाही, दिवसाढवळ्या गेली. मुलगा चांगला होता, जातीचा होता, पण दिलेला शब्द मोडला. गेनूबाबा भर गावात मान खाली घालून उभे राहिले आणि मग देवळात जाऊन देवावर हात ठेवून बोलले, “ह्या घरातलं कुणी घाट उतरणार न्हाई, अन् तिनं घाट चढायचा न्हाई.” त्या दिवसापासून त्यांनी लेकीचं नाव घेतलं नव्हतं. कड्याकडे तर ते फिरकतच नसत. गुरं घेऊन जायचे ते नेहमी उलट्या बाजूला, जीवधन किल्ल्याच्या पाठीमागे. मी कधी पाहुण्यांना घेऊन कड्याकडे निघालो की म्हणायचे, “काय ठेवलंय तिकडं? माळ अन् वारा.”

घाट पायी उतरला तर हौसाची वाडी सकाळची न्याहारी करून निघालेल्याला दुपारच्या जेवणाला गाठता येईल एवढ्यावर. आणि मायलेकींनी वर्षानुवर्षं एकमेकींचं तोंड बघितलं नव्हतं.

“एवढ्या धुरांत हौसाचा कसा ओळखता?” मी विचारलं.

मावशीचा चेहरा उजळला. “सगळी सकाळचा लावत्यात. ती दिवस कलल्यावर लावती. अन् पाला वल्ला टाकती, म्हणून धूर पांढरा व्हतो, उंच जातो. एका वाफ्याचा राब लोक एका दिसात उरकत्यात, ती महिनाभर पुरवून पुरवून लावती. आज एक कोपरा, चार दिसांनी दुसरा.”

हे तिला सांगितलं होतं एका सुकटवालीने. ही बाई सुकट-बोंबलाची पाटी घेऊन कोकणातून घाट चढून यायची आणि गावोगाव विकायची. तीच मावशीला म्हणाली होती, “तुमची हौसा याडी हाय म्हणत्यात समदी. वल्ला पाला टाकून राब लावती, वाफा काय नीट भाजत न्हाई. नवरा वरडतो, सासू वरडती. ती म्हणती, माझी आई वरनं बघती.”

त्या दिवशी बरोबर हवेचे पाहुणे होते. त्यांच्यातल्या एकाने नेहमीप्रमाणे विचारलं, “आत्ता इथं पाहण्यासारखं काय आहे?” मी बोट दाखवलं. “तो ओढा दिसतो का? सुकलेला, वळणाचा. त्याच्या पल्याड आंब्याचं झाड. त्याच्या शेजारून पांढरा धूर वर येतोय बघा.” ते म्हणाले, “हां, दिसला. मग?” मी म्हटलं, “मग काही नाही. तो बघा.” मावशी आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिने पदर डोळ्यांना लावलेला मला दिसला.

पुढे कितीतरी वर्षं असंच चाललं. उन्हाळ्यात मी मुद्दाम पाहुणे तिकडे न्यायला लागलो. सूर्यास्त सगळीकडेच असतो, पण मी तो नाणेघाटाचाच सांगायचो. धूर दिसला की मावशीचं ते वर्ष गोड जायचं. घुट्याला फोडणी जास्त पडायची, हे मी खात्रीने सांगतो.

मग दिवस बदलले. रस्ता सुधारला, तसे पाहुणे वाढले. सुकट टेंपोने थेट जुन्नरच्या बाजारात यायला लागली, आणि पाटी घेऊन घाट चढणारी ती बाई दिसेनाशी झाली. म्हणजे खालची खबर आणणारं माणूस गेलं. आणि त्याच्या पुढच्याच चैत्रात हौसाचा धूर उठला नाही.

मावशी रोज कड्यावर जाऊन बसली. बाकीचे धूर नेहमीसारखे येत होते, म्हणजे कमीच, पण येत होते. ओढ्याच्या पल्याड काही नाही. मी गेलो की ती मला विचारायची, “भाऊ, तुझी नजर चांगली हाय, बघ बरं.” मी बघायचो. आंब्याचं झाडही मला दिसेना. तिला ते सांगायचं धाडस झालं नाही, मी म्हणायचो, “धुरकट आहे मावशी, वारा आहे.” एक उन्हाळा असा गेला, दुसराही गेला. मावशी आटत चालली. पाहुण्यांना वाढायची, पण मन दुसरीकडे असायचं. एकदा माझ्या ताटात तिने भातावर भात वाढला.

“ती न्हाई आता,” एक दिवस ती चुलीशी म्हणाली. “असती तर तिनं लावला असता. काय बी झालं तरी लावला असता.”

मी म्हणालो, “मावशी, मी खाली जाऊन बघून येतो. मला काही शपथ नाही.”

“तू बघून काय करशील?” ती म्हणाली. “मला बघायचंय.”

गेनूबाबा दाराशी बसून दोर वळत होते. दोर वळत राहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी मोकळी गाडी घेऊन घाटघरला गेलो होतो. गेनूबाबा माझ्या जीपभोवती फिरले. चाकाला पाय लावून बघितला, टपावर हात आपटला. त्यांना गाडीतलं काही कळत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मग एकदम म्हणाले, “भाऊ, ही गाडी माळशेजनं खाली जाती न्हवं?”

“जाते की.”

“मी देवाफुडं बोललो व्हतो, घाट उतरायचा न्हाई. घाट म्हंजे नाणेघाट. माळशेजाचं आपण काय बोललो न्हवतो.”

मावशी दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. गेनूबाबांनी तिच्याकडे बघितलंही नाही. मला म्हणाले, “घिऊन जा हिला. उद्या जा. मला गुरं हायेत, मी जीवधनाच्या पाठीमागं चाललोय.” आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मावशीने एक गाठोडं बांधलं. त्यात उडीद, नाचणीचं पीठ, तांदूळ, एक नारळ आणि हिरव्या रंगाचा खण. तो खण नवा नव्हता. घडीवर पिवळी रेघ पडली होती, किती वर्षं पेटीत होता देव जाणे. माळशेजच्या वळणांत तिला मळमळायला लागलं, पण गाडी थांबवू देईना. मी आयुष्यभर त्या घाटात लोकांना थांबवून थांबवून दरी दाखवली. मावशीने एकदाही मान वळवली नाही.

खाली उतरून, विचारत विचारत वाडीकडे निघालो. नाणेघाटाची भिंत समोर उभी राहिली. मी ती नेहमी वरून बघितलेली, खालून ती ओळखूच येईना. ओढा सापडला. ओढ्याच्या पल्याड जिथे हौसाचा वाफा असायला हवा होता, तिथे तारेचं कुंपण, लोखंडी फाटक आणि आत हिरवंगार लॉन. कुणीतरी फार्महाऊस बांधलं होतं, पाहुण्यांना राहायला. वाफा नाही, आंबा नाही. आंब्याच्या जागी निळ्या पाण्याचा पोहण्याचा हौद.

मावशीने माझा दंड धरला. फाटकावरच्या माणसाला मी हौसाचं नाव विचारलं. तो म्हणाला, “हौसाबाई ना? त्या किचनात हायेत. वढ्याच्या त्या अंगाला, कड्याच्या बाजूला, ते पत्र्याचं दिसतंय तिथं.”

हौसा भाकरी थापत होती. शहरातल्या पाहुण्यांसाठी, नाचणीची. आम्ही दारात उभे राहिलो, तिने वर बघितलं आणि पीठ लागलेले हात तसेच हवेत राहिले. आनंदाच्या आधी तिच्या चेहऱ्यावर भीती आली. “आई, तू घाट उतरलीस?”

“न्हाई गं,” मावशी म्हणाली. “वळसा घालून आले. तुझ्या बापानंच धाडलं.”

पुढचं मी बघितलं नाही. मी बाहेर जाऊन गाडीचं बॉनेट उघडून उभा राहिलो, काही कारण नसताना.

नंतर कळलं ते असं. जमीन दिराने आणि नवऱ्याने मिळून फार्महाऊसवाल्यांना दिली. नवरा तिथेच बागेला पाणी घालतो, हौसा स्वयंपाक करते. मुलगी शाळेला मामे-सासऱ्यांकडे मुरबाडला. सगळं बरं चाललं होतं. “पहिल्या साली मी लावला व्हता राब,” हौसा म्हणाली. “वाफा नसला म्हणून काय झालं, किचनाच्या मागं पाला गोळा करून लावला. म्यानेजरनं पायपानं पाणी मारून इझवला. पावण्यांच्या डोळ्यांत धूर जातो म्हणला.”

मावशी म्हणाली, “आज लाव.”

“आई, त्यो लावू द्याचा न्हाई.”

आता इथे माझं उभ्या आयुष्याचं शिक्षण कामाला आलं. मी मॅनेजरला गाठलं. सफारीतला, हातात किल्ल्यांचा जुडगा घेतलेला गृहस्थ. मी जीपवर रंगवलेलं पर्यटनाचं नाव दाखवलं आणि म्हटलं, “साहेब, तुमच्याकडे राब दाखवत नाही का? अहो, कोकणात येऊन लोक राब बघायचा म्हणतात. जुनी पद्धत, शेतातला अग्नी, संध्याकाळचा उजेड, फोटो काय सुंदर येतात! मी माझे पाहुणे त्यासाठी मुद्दाम कड्यावर नेतो.” शेवटचं वाक्य तर शंभर टक्के खरं होतं. तो विचारात पडला. म्हणाला, “म्हणजे ॲक्टिव्हिटी म्हणून?” मी म्हटलं, “ॲक्टिव्हिटी म्हणूनच.”

दिवस कलल्यावर हौसाने किचनामागे पाला पसरला. शेण, गवत, वर मातीचा थर, आणि कुंपणाशी छाटलेल्या फांद्यांचा ओला पाला. मॅनेजरने पाहुण्यांना बोलावून आणलं. कॅमेरे निघाले. एका गृहस्थांनी मला विचारलं, “यात नक्की पाहण्यासारखं काय आहे?” मी हौसाच्या हाताकडे बोट दाखवलं. हौसाने काडी लावली. धूर आधी जमिनीवर लोळला, मग उभा राहिला आणि सरळ वर चढायला लागला. लोक खोकत, हसत लॉनकडे पळाले. आम्ही तिघंच राहिलो.

मावशीने मान वर करून कड्याकडे बघितलं. पहिल्यांदाच ती आपली जागा खालून बघत होती. उतरतं ऊन कड्यावर पडलं होतं. भिंत होती, वर निळं आभाळ होतं. बाकी काही नाही. तिथे हत्ती उभा केला असता तरी दिसला नसता.

“हौसे,” ती म्हणाली, “हितनं तर कायच दिसत न्हाई गं.”

“न्हाईच दिसत.”

“मी तितं बसायचे, तुला कदी दिसले न्हाई?”

“एकदा बी न्हाई.”

“मग इतकी वरसं कशाच्या जिवावर लावायचीस?”

हौसाने काठीने पाला सारखा केला. “तू बसली असशील म्हणून.”

त्या रात्री मावशी लेकीकडे राहिली. मी गाडीत झोपलो. सकाळी तिने लेकीची ओटी भरली, तो जुना हिरवा खण तिच्या पदरात घातला आणि गाडीत येऊन बसली. परतीच्या वाटेवर माळशेजमध्ये ती स्वतःहून म्हणाली, “थांब जरा भाऊ. लोक काय बघत्यात हितं, ते मला बी दाव.” मी तिला दरी दाखवली. ती बराच वेळ उभी राहिली.

घाटघरला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. गेनूबाबा दाराशी दोर वळत बसले होते, जणू कालपासून उठलेच नव्हते. मावशी पाणी प्यायली आणि सांगायला लागली. लेक कशी आहे, जावई कसा आहे, नात किती मोठी झाली. ते ऐकत होते की नाही कळत नव्हतं. तिचं सांगून संपलं. मी उठलो, चप्पल घातली.

तेव्हा त्यांनी मला हाक मारली. बायकोला नाही, मला.

“भाऊ, एक इचारू? धूर दर साली वढ्याच्या पल्याड असायचा, आंब्याच्या अंगाला. काल अल्याड कसा काय व्हता?”

मावशीच्या हातातला तांब्या खाली टेकला. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. कड्याकडे कधी न फिरकलेला हा माणूस. जीवधनाच्या पाठीमागून तर कोकणाचा एक दगडसुद्धा दिसत नाही.

मी म्हटलं, “बाबा, तिकडे आता बांधकाम झालंय. जागा बदलली.”

“हां,” ते म्हणाले. दोराला एक पीळ घातला, दुसरा घातला. मान वर केली नाही.

“पुन्यांदा गेलास तर तिला म्हणावं, वल्ला पाला जास्ती टाकत जा. मला आता तेवढं लांबचं दिसत न्हाई.”